कोशातून न उलगडणारे दस्त

१ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड आणि वेल्सच्या सर्व भागांत जमीन विकली गेली की तिची नोंद सरकारी भूनोंदणी कार्यालयात करणे सक्तीचे झाले. एकदा नोंद झाली की मालकीचा पुरावा ती नोंदच असते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या चर्मपत्रांवरच्या दस्तांची कायद्याला फारशी गरज उरली नाही. ही गरज खरे तर त्याआधीपासूनच घटत आली होती. पूर्वी विक्रेत्याला मागच्या साठ वर्षांची मालकीची साखळी दाखवावी लागे. १८७४ च्या कायद्याने ही मुदत चाळीस वर्षांवर आली, १९२५ च्या मालमत्ता कायद्याने तीसवर आणि १९६९ मध्ये पंधरावर. मुदत जसजशी आखडत गेली तसतशा वकिलांच्या कचेऱ्यांतील पत्र्याच्या पेट्या रिकाम्या होऊ लागल्या. पुष्कळ दस्त रद्दीत गेले आणि काहींच्या चर्मपत्रांपासून दिव्यांच्या शोभिवंत छत्र्या तयार झाल्या. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश रेकॉर्ड्‌स असोसिएशनसारख्या संस्थांनी धावपळ करून जे वाचवले ते परगण्यांच्या अभिलेखागारांत पोहोचले आणि आता त्यांतील बरेचसे छायाचित्रांच्या रूपाने कोणालाही घरबसल्या पाहता येते.

दस्त सर्वांना दिसू लागले, पण ते समजतील कसे, आणि समजावून देण्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाला आजवर मिळालेले नेहमीचे उत्तर म्हणजे शब्दार्थांची यादी. मेस्वेज म्हणजे घर आणि त्याच्या भोवतालची जागा, मोइटी म्हणजे अर्धा हिस्सा, टॉफ्ट म्हणजे पूर्वी घर असलेली आणि आता मोकळी पडलेली जागा, हेरेडिटामेंट म्हणजे वारसाहक्काने मिळू शकणारी कोणतीही मिळकत, अशी ही यादी असते. ती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. मात्र केवळ तिच्या आधाराने दस्त वाचणारा माणूस प्रत्येक शब्द बरोबर लावूनही व्यवहार चुकीचा समजतो, कारण या दस्तांतील शब्द वर्णनासाठी लिहिलेले नसून काहीतरी घडवून आणण्यासाठी लिहिलेले आहेत, आणि काय घडवायचे होते हे त्या शब्दांमध्ये कित्येकदा मुद्दामच दिसू दिलेले नाही. म्हणून अभिलेखागारांनी आणि जिथे हे दस्त आजही हक्क ठरवतात तिथल्या सरकारांनी वाचकाला शब्दार्थांच्या आधी व्यवहाराचा प्रकार सांगितला पाहिजे, असे माझे मत आहे.

मराठी वाचकाला यातली अडचण वेगळ्या बाजूने ओळखीची आहे. घरात मोडी कागद निघाला तर तो आपल्याला वाचता येत नाही हे आपण पहिल्या क्षणी मान्य करतो आणि जाणकार शोधतो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, मोडी वाचणाऱ्यांना मान आणि मोबदला मिळतो. इंग्रजी दस्ताचे तसे होत नाही. लिपी ओळखीची, भाषा शाळेत शिकलेली, आणि अवघड शब्द दर ओळीत एखादाच. त्यामुळे आपल्याला कळले आहे असा भास होतो आणि वाचक जाणकाराकडे जातच नाही. या अर्थाने अठराव्या शतकातील इंग्रजी दस्त मोडी कागदापेक्षा अधिक फसवा आहे.

या भाषेबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते की हे सगळे वकिलांनी फी वाढवण्यासाठी रचलेले अवडंबर आहे. दुसरे म्हणते की शतकानुशतके तावूनसुलाखून निघालेल्या या भाषेतील एकही शब्द वाया नाही. पहिल्या मताला चांगला पुरावा आहे. इंग्लंडमध्ये दस्त लिहिण्याचा मोबदला दीर्घकाळ लांबीवर ठरत असे. बहात्तर शब्दांचा एक फोलिओ आणि फोलिओमागे ठरावीक दर, अशी ती पद्धत होती. १८८१ च्या सॉलिसिटरांच्या मेहनतान्याच्या कायद्यानंतर मोबदला व्यवहाराच्या किमतीवर ठरू लागला. जिथे शब्द मोजून पैसे मिळतात तिथे ‘दिले, विकले, सोडले, हस्तांतरित केले व कायम केले’ अशी पाच क्रियापदे एका क्रियापदाची जागा घेतात यात नवल नाही. पण एवढ्यावरून पाचही क्रियापदे पोकळ ठरत नाहीत. त्यांपैकी एखादे त्या काळच्या कायद्यात खरोखर निर्णायक असे, आणि कोणते ते ओळखणे हेच वाचनाचे कौशल्य आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘लीज अँड रिलीज’ ही दस्तांची जोडी. सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८४१ पर्यंत इंग्लंडमधील घरे आणि शेते मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने विकली गेली, आणि आज अभिलेखागारात जाणाऱ्याच्या हाती बहुधा हीच जोडी किंवा तिच्यातला एक सुटा कागद लागतो. पहिला दस्त आकाराने लहान. त्यात लिहिलेले असते की अमुक मालकाने पाच शिलिंग घेऊन अमुक माणसाला हे घर एक वर्षाच्या पट्ट्याने दिले असून त्याने वर्षअखेरीस, मागितल्यास, मिरीचा एक दाणा भाडे म्हणून द्यावा. कोश हाताशी असलेला वाचक म्हणतो की घर नाममात्र भाड्याने दिले, बहुतेक नातलग असावेत. प्रत्यक्षात हा भाडेपट्टा नव्हेच, ही घराच्या विक्रीची पहिली पायरी आहे. दुसऱ्या दिवसाची तारीख असलेला दुसरा, मोठा दस्त पाहिला की कळते की मालकाने आपला उरलेला सगळा हक्क त्याच ‘भाडेकरू’च्या नावे सोडला असून खरी किंमत तिथे शेकडो पौंडांत नोंदवलेली आहे.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? जुन्या रीतीने जमीन द्यायची तर खरेदीदाराला जागेवर नेऊन साक्षीदारांदेखत मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी त्याच्या हाती द्यावी लागे. १५३६ च्या ‘स्टॅट्यूट ऑफ यूजेस’ या कायद्याने असे ठरवले की ज्याच्या लाभासाठी जमीन धारण केलेली आहे त्यालाच कायदेशीर ताबेदार मानायचे. त्यामुळे नुसत्या सौद्यानेही ताबा जाऊ लागला. यातून गुपचूप विक्री होईल हे ओळखून संसदेने त्याच वर्षी दुसरा कायदा केला आणि अशा सौद्याचा दस्त सहा महिन्यांत न्यायालयात किंवा परगण्याच्या अधिकाऱ्यांकडे नोंदवणे आवश्यक केले. पण ही अट कायमच्या मालकीच्या सौद्याला होती, मुदतीच्या पट्ट्याला नव्हती. वकिलांनी ही फट बरोबर हेरली. एक वर्षाचा पट्टा सौद्याने द्यायचा, म्हणजे नोंदणी नको. १५३६ च्या कायद्याने भाडेकरू पाऊल न टाकताही ताबेदार ठरला. ताबेदाराच्या नावे उरलेला हक्क सोडायला ना ढेकूळ लागे ना नोंदणी. १६२० मध्ये न्यायालयाने ही युक्ती मान्य केली आणि पुढे सव्वादोनशे वर्षे, केवळ गुप्ततेसाठी आणि सोयीसाठी, देशभरातील मालमत्ता एका खोट्या भाडेपट्ट्यावरून फिरत राहिली. १८४१ च्या कायद्याने पहिल्या दस्ताची गरज संपवली आणि १८४५ मध्ये साध्या एका दस्ताने जमीन देण्याची मुभा मिळाली. मिरीचा दाणा, पाच शिलिंग आणि ‘सौदा करून विकले’ हे शब्द या इतिहासाशिवाय निरर्थक आहेत. तो कळला की त्यांतला प्रत्येक शब्द त्या यंत्रातल्या कोणत्या कळीचा आहे ते दिसते.

गहाणखताचेही तसेच आहे. १९२६ पूर्वीचे इंग्रजी गहाणखत वरवर सरळ विक्रीचा दस्त दिसते किंवा पाचशे अथवा हजार वर्षांचा पट्टा दिसते. कर्ज फेडल्यास मिळकत परत करण्याची अट पुढे कुठेतरी येते, आणि त्या काळी दस्तात विरामचिन्हे नसल्यामुळे ती सहज नजरेतून सुटते. ज्यांनी मुदतखरेदीची खते पाहिली आहेत, सावकाराने विक्रीच्या रूपाने घेतलेले गहाण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. न्यायालयातील लुटुपुटूच्या दाव्यातून जमीन देणाऱ्या ‘फाइन’ या दस्तांत तर ‘दोन घरे, दोन बागा, साठ एकर शेत, वीस एकर कुरण’ असे गोळाबेरीज आकडे असतात. मिळकतीचा कोणताही भाग सुटू नये म्हणून ते सैल हाताने लिहिलेले असत, आणि त्यावरून गावाचे क्षेत्र काढणाऱ्याची फसगत ठरलेली. एकराचीही तीच गत. चेशायरचा रूढ एकर १०,२४० चौरस यार्डांचा होता, कायद्याचा एकर ४,८४० चौरस यार्डांचा. कोशात दोन्ही ‘एकर’च.

उलट काही शब्द खरोखरच जीवघेणे महत्त्वाचे होते. ‘आणि त्याचे वारस’ हे शब्द लिहायचे राहिले तर खरेदीदाराला मिळकत केवळ त्याच्या हयातीपुरती मिळे, पुरी किंमत मोजूनही. १८८१ मध्ये त्याऐवजी दुसरा शब्दप्रयोग चालू लागला आणि १९२५ च्या कायद्याने असा कोणताही मंत्र उच्चारण्याची गरज संपवली. त्यामुळे १७५० च्या दस्तातील ‘वारस’ हा मालकीचा कणा आहे, तर १९५० च्या दस्तातील ‘वारस’ ही केवळ सवय आहे. अक्षरे तीच, वजन वेगळे. हा फरक वर्णानुक्रमाने लावलेली यादी सांगू शकत नाही, कारण तिच्यात सनावळीला जागा नसते.

हे सगळे इतिहासाच्या हौशी अभ्यासकांपुरते आहे, आज कोणाचे काय अडले आहे, असा आक्षेप येऊ शकतो. वॉरिकशायरमधील ॲस्टन कँटलो या गावातले प्रकरण त्यासाठी पाहण्यासारखे आहे. तिथल्या एका शेतमालक दांपत्याच्या जमिनीतील एक तुकडा असा होता की जो अठराव्या शतकात, सामायिक जमिनींची वाटणी होताना, धर्मकराच्या बदल्यात दिला गेला होता. त्या तुकड्याबरोबर चर्चच्या वेदीकडील भागाची, म्हणजे चान्सेलची, दुरुस्ती करण्याची मध्ययुगीन जबाबदारी चालत आली. चर्चच्या स्थानिक मंडळाने सुमारे ९५ हजार पौंडांच्या दुरुस्तीची मागणी केली, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेले आणि २००३ मध्ये निकाल मंडळाच्या बाजूने लागला. धर्मकर, वाटणी, ‘ले रेक्टर’ (पाद्री नसूनही धर्मकराचा हक्क आणि चान्सेलची जबाबदारी असलेला मालक) हे शब्द संग्रहालयातले वाटत होते, पण त्यांचे बिल चालू शतकात आले. त्यानंतर अशा जुन्या हक्कांना १३ ऑक्टोबर २०१३ पर्यंत नोंदणीशिवाय असलेले संरक्षण काढून घेण्यात आले. तरीही भूनोंदणी कार्यालयाची नोंदवही जुन्या दस्तांतील बंधने बहुधा शब्दशः उतरवून घेते. व्हिक्टोरियन काळातल्या घराच्या आजच्या नोंदीत, त्या जागेवर साबण उकळू नये की मेणबत्त्या ओतू नयेत असे कलम आढळते ते यामुळे. अशी मनाई नंतरच्या मालकावरही बांधील राहू शकते हे न्यायालयाने १८४८ मध्ये, लंडनच्या लेस्टर चौकातील बागेच्या प्रकरणात, ठरवलेले आहे.

लांबलचक सूत्रांची परंपरा आपल्यालाही परकी नाही. इनामाच्या सनदेत ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ अशी माळ येते आणि पाठोपाठ ‘खेरीज करून हक्कदार व इनामदार’ असे बजावलेले असते. माळेला लय आहे म्हणून ती लक्षात राहते, पण खरा तिढा दुसऱ्या शब्दसमूहात असतो, कारण नव्या इनामदाराला काय मिळाले नाही ते तिथे सांगितलेले आहे. इंग्रजी दस्तातही ‘सर्व वाटा, पाणी, उजेड, हक्क आणि सवलती यांसह’ ही माळ दिसते आणि वाचक तिथे रमतो. त्याने खरे तर पुढचे ‘अपवाद’ आणि ‘अधीन’ हे शब्द शोधायला हवेत.

मुंबईत हा विषय दूरच्या देशाचा राहत नाही. मुंबई बेटावरील जमिनीचे व्यवहार इंग्रज वकिलांनी आपल्या देशातल्या नमुन्यांवरून लिहिले. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा मुंबई इलाख्यात १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला, तोपर्यंत त्या नमुन्यांना मोकळे रान होते आणि नंतरही सवय सुटली नाही. त्या कायद्याच्या ५८ व्या कलमात आजही ‘इंग्लिश गहाण’ या नावाचा एक प्रकार आहे. गिरगाव, परळ, माझगाव या भागांतील एखाद्या चाळीचा जुना दस्त उघडून परिशिष्ट पाहावे. ‘जमिनीचा तो सर्व तुकडा, त्यावर उभ्या असलेल्या मेस्वेज, टेनेमेंट अथवा राहत्या घरासह, मुंबई बेटात वसलेला, मोजणीने इतके चौरस यार्ड किंवा त्याच्या आसपास’ अशी सुरुवात, मग जमीन महसूल कलेक्टरकडील जुना क्रमांक, नवा क्रमांक, जुना सर्व्हे, नवा सर्व्हे, आणि शेवटी चतुःसीमा, ज्यात पूर्वेला बहुधा शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थाची मिळकत असते. त्यातच फजेंदारी किंवा फोरास असा शब्द येतो. इंग्लंडच्या कोणत्याही कोशात तो सापडणार नाही, कारण तो पोर्तुगीज अमलातून आलेला आहे. कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची, जमीन पट्ट्याने घेऊन दरसाल फोरो, म्हणजे ठरलेले भाडे, भरण्याची रीत ज्यांच्या कानावर आहे अशा गोमंतकीय वाचकाला तो मुंबईच्या वकिलापेक्षा लवकर कळेल. फोरास जमिनींसाठी १८५१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला होता, आणि फजेंदारी जमिनीवर इमारत एकाची आणि जमिनीचे अल्पसे वार्षिक भाडे घेणारा दुसराच, ही स्थिती अजून पुनर्विकासाच्या वेळी रहिवाशांसमोर उभी राहते.

आणि रहिवासी नेमके याच ठिकाणी निराधार असतात. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे विकासकाने जमीन सोसायटीच्या नावे करून दिली नाही तर ती शासकीय आदेशाने करून घेण्याची, तरतूद २००८ च्या दुरुस्तीने प्रत्यक्षात येऊ लागल्यापासून हजारो सोसायट्यांच्या साध्या सभासदांना, निवृत्त शिक्षकांना आणि बँक कर्मचाऱ्यांना, जुने दस्त हाताळावे लागतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक दोन मराठीत मिळते, पण तिच्यात व्यवहाराचा सांगाडा असतो, अटी नसतात. ‘किंवा त्याच्या आसपास’ या शब्दांमुळे दस्तातील क्षेत्र आणि मिळकत पत्रिकेवरील क्षेत्र यांत किती फरक खपू शकतो, पूर्वीच्या मालकाने वाटेचा हक्क राखून ठेवला होता का, मूळ दस्त मालकीचा की पट्ट्याचा, हे प्रश्न भूखंडाच्या चटई क्षेत्राशी आणि म्हणून प्रत्येक घराच्या आकाराशी जोडलेले असतात. त्यांची उत्तरे मात्र विकासकाच्या सॉलिसिटरने इंग्रजीत दिलेल्या अहवालात असतात आणि सभासद त्यावर विश्वासाने सही करतात.

वकिलांचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. ते म्हणतात की जुन्या शब्दांचा अर्थ न्यायालयांनी ठरवून दिलेला आहे, सोपी भाषा आणली तर प्रत्येक नव्या शब्दावर नवा दावा उभा राहील. काही शब्दांबाबत हे खरे आहे आणि ते शब्द ठेवावेत. पण वाटा, पाणी, उजेड, सवलती यांची जी माळ आजही मुंबईतल्या नव्या अभिहस्तांतरणात उतरवली जाते, तिची गरज आपल्या कायद्याने कधीच संपवली आहे. वेगळा हेतू दिसत नसेल तर मिळकतीबरोबर तिचे सर्व अनुषंगिक हक्क आपोआप जातात असे १८८२ च्या कायद्याचे आठवे कलम सांगते, आणि इंग्लंडने ही सोय १८८१ पासून केलेली आहे. तरी माळ जात नाही, कारण मागच्या दस्तात होते ते या दस्तात नसले तर पुढचा वकील विचारील, ही भीती. अशा भीतीला परंपरेचा मान देण्याचे मला कारण दिसत नाही. नव्या दस्तातून ही भरताड काढली तर निदान पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला अपवाद आणि अटी लवकर सापडतील.

जुन्या दस्तांसाठी उपाय वेगळा हवा, कारण ते बदलता येत नाहीत. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागाने दस्तांची ओळख करून देताना केवळ शब्दयादीवर न थांबता दस्तांचे प्रकार समजावून दिले आहेत. विक्रीची जोडी कशी ओळखायची, गहाण कसे ओळखायचे, कोणत्या ठळक अक्षरांपाशी थांबायचे, हे तिथे आधी कळते. बाकीच्या अभिलेखागारांनी आपल्या सूचीत ‘भाडेपट्टा, १७४२, मिरीचा दाणा’ असे न लिहिता ‘विक्रीच्या जोडीतील पहिला दस्त’ असे लिहिले तर अर्धे काम होईल. यासाठी सूचीकाराला कायद्याचा इतिहास यावा लागेल, हे खर्चाचे आहे, पण चुकीची सूची छायाचित्रांसह जगभर पोहोचवणे स्वस्त असले तरी उपयोगाचे नाही.

महाराष्ट्रात सुरुवात आहे त्या व्यवस्थेतच करता येईल. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे प्रकल्प नोंदवताना विकासकाला जमिनीच्या मालकीबाबतचा कायदेशीर अहवाल द्यावाच लागतो. त्या अहवालाला मराठी तक्ता जोडणे बंधनकारक करावे, आणि त्यात प्रत्येक जुन्या दस्तासमोर चारच गोष्टी असाव्यात: तारीख, कोणी कोणाला दिले, दस्ताचे शीर्षक काही असले तरी व्यवहार प्रत्यक्षात कोणता होता, आणि त्यातील कोणती अट आजही बांधील आहे. मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जातही जिल्हा उपनिबंधकांनी असाच तक्ता मागावा. सॉलिसिटरने साखळी तपासलेली असते, त्यामुळे यासाठी नवे संशोधन लागत नाही. लागते ते एवढेच की ‘मेस्वेज, टेनेमेंट अथवा राहते घर’ याच्या मागे न लपता, जमीन फजेंदारी आहे आणि तिचे वार्षिक भाडे अमुक कुटुंबाला देणे आहे, हे त्याने सभासदांना कळेल अशा मराठीत आपल्या सहीनिशी लिहून द्यावे.